भागम्मा गुणगुणली तर

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. पालममध्ये मन्मथअप्पांना आजही कुणी संगीतकार म्हणत नाही. शाळेत पेटी वाजवायचे म्हणून ते पेटीमास्तर. त्यांनी बांधलेल्या बंदिशी नांदेडपासून पुण्यापर्यंतचे गवई मैफलीत गातात, असं शेजाऱ्यांना सांगितलं तर ते 'असंल' म्हणतात आणि चहा पितात. अप्पांनाही त्याचं कधी काही वाटलं नाही. त्यांना एकाच माणसाचं मत लागायचं, आणि त्या माणसाला ते कधी विचारत नसत.

ते माणूस म्हणजे त्यांची बायको भागम्मा. गाण्याचा धडा कधी न घेतलेली. अप्पा सकाळी ओसरीवर बसून चार ओळी रागात बसवायचे, दिवसभर त्याच म्हणत राहायचे आणि मग गप्प व्हायचे. पुढं कधी भांडी घासताना, ज्वारी निवडताना भागम्मा ती चाल गुणगुणली, की बंदिश पास. मग ती शिष्यांना मिळायची. नाही गुणगुणली, तर अप्पा ती पुन्हा तोंडात आणत नसत, आणि लिहून ठेवायची सवय नसल्यामुळं ती विसरूनही जायची. शिकलेल्या माणसाला काहीही आवडतं, कारण त्याला आवडायची कारणं सापडतात, असं त्यांचं म्हणणं. हट्टी माणूस. सगळा संसार असा झाला आणि बायकोला या परीक्षेचा पत्ता नव्हता.

मागच्या पौषात तापाचं निमित्त झालं आणि भागम्मा गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून, कपाळाला विभूती लावून वाजतगाजत नेलं. जन्मभर गळ्यात बाळगलेलं तिचं इष्टलिंग तिच्यासोबतच मातीत जायचं होतं. पुढं भजन चाललं होतं. मधेच अप्पा थांबले आणि भजन सांगणाऱ्याला म्हणाले, की गंधार चढा लागतोय, जरा सांभाळा. गावानं तोंडात बोटं घातली. बायको चालली आणि ह्याला सुराची पडलीय, असं जो तो म्हणाला. पण अप्पांना त्या घडीला खरोखर तेवढंच जाणवत होतं.

पुढंही तसंच राहिलं. जेवण जायचं, झोप लागायची, रडू काही येत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसे ते सगळेच बधिर झाले होते. भेटायला येणारे रडायचे आणि अप्पा त्यांना पाणी नेऊन द्यायचे.

फाल्गुनात त्यांचा शिष्य मल्लेश परभणीहून आला. अप्पांच्याच बंदिशींचा कार्यक्रम ठरला होता आणि त्यात एक तरी नवी हवी, असा त्याचा हट्ट होता. अप्पा नको म्हणाले नाहीत. नको म्हणायलाही काही वाटावं लागतं. ओसरीवर बसले, बंदिश बांधली, दिवसभर म्हटली आणि गप्प झाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण मोरीकडं कान लावून बसलो आहोत. तिथं त्यांची लेक शिवानी भांडी घासत होती. ती सासरहून, पाथरीहून, वडिलांजवळ राहायला आली होती. ती काही गुणगुणेना. बंदिश चांगली की वाईट, हे अप्पांना कळेना. हे कळत नसेल तर आपलं काम संपलं, एवढं मात्र त्यांना स्वच्छ कळलं.

बरेच दिवस वाट पाहून शेवटी त्यांनी लेकीला विचारलंच, की ही चाल तुला काम करताना म्हणावीशी वाटली नाही का. आणि न राहवून भागम्माच्या गुणगुणण्याची सगळी गोष्टही तिला सांगून टाकली.

शिवानीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

"अप्पा, माय कामाच्या वक्ताला साधंसुधंच म्हणायची," ती म्हणाली. "जीव लागलेलं गाणं खरकट्या हातानं म्हणू न्हाई म्हणायची. आपण लिंगाला उष्ट्या हातानं शिवतो का, तसंच हाय ते. तसली गाणी ती पूजेत म्हणायची. मनातल्या मनात."

अप्पांनी ते रोज पाहिलं होतं. आंघोळ करून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन भागम्मा बसायची आणि तिचे ओठ हलायचे. ते मंत्र असतील, असं ते समजत होते.

"कोणती म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"मला कसं ऐकू येईल? एकदा म्हणाली, तुझ्या अप्पांनी बांधलेली लय चांगली चांगली गाणी हायेत. पण ते ती पुन्हा म्हणतच न्हाईत, का कुणास ठावं. म्हणून मी म्हणते."

अप्पा ओसरीवर जाऊन बसले. आठवायला लागले. कुठं एखाद्या रागाचं नाव हाती लागायचं, एखादा शब्द लागायचा. चाल एकही येईना. त्यांनीच त्या इतक्या नेमानं टाकल्या होत्या, की मागं काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी परभणीहून मल्लेशचा फोन आला. नवी बंदिश झाली का, म्हणून विचारत होता.

"मल्लेश, तुमी पोरं गाताव ते तिचं भांडी घासतानाचं हाय," अप्पा म्हणाले. "चांगलं होतं ते तिच्यासंगं मातीत गेलं."

एवढं बोलेपर्यंत त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. मग तो फुटला. तिकडून मल्लेश अप्पा, अप्पा करत राहिला, आणि भागम्मा गेल्यापासून पहिल्यांदा मन्मथअप्पा फोन कानाला धरून पोरासारखे रडले.