पुलीच्या नटाचा बंदोबस्त

समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या हंगामात अड्याळ मुक्कामी माझ्या ताईच्या मळणीयंत्राचा एक नट ढिला झाला होता.

हसू नका. वर आभाळ भरलेलं, खाली कापलेल्या धानाचं पुंजणं उघडं. त्या दिवशी मळणी झाली नसती तर वर्षाचं धान भिजून काळं पडलं असतं. आणि यंत्र सुरू केलं की मोठ्या पुलीचा नट गरगरत बाहेर यायचा.

मग काय, जमलेल्या सगळ्या पुरुषांना एकदम ज्ञान झालं. भाऊजींनी बोल्टाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळली. अहो, तो बोल्ट होता, भोवरा नव्हे! चार पेंढ्या आत गेल्या नाहीत, तोच नट सुतळीसकट बाहेर.

शेजारचे काका सरसावले. पोरगा जवाहरनगरात, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत राहतो, तेवढ्यावर यांना यंत्रातलं सगळं कळतं.

"पान्याले पाइप लावा अन् द्या जोर! नट भेला पायजे!"

तिघं पाइपला लोंबकळले. नट काही भ्यायला नाही. पाना मात्र वाकला.

आता प्रवेश आमचा. भंडाऱ्याहून आणलेली, नट जाम करणारी गोंदाची ट्यूब मी खिशातून अशी काढली, जणू संजीवनीच. गोंद लावला, तो सरळ ओघळून मातीत गेला. आटे तेलाने माखलेले, गोंद धरणार कशाला?

"ताई, इथं तेल कोणी ओतलं?"

"मीच. दसऱ्याले यंत्राची पूजा करतो ना आपण. काहून?"

तेल पुसायला वाकलो, तर बोल्टाच्या टोकाला आरपार भोक, नटाला जुळत्या खाचा. यंत्र बनवणाऱ्याने पिनेची सोय करून ठेवली होती. पिनेशिवाय तो नट टिकणारच नव्हता. आणि त्या भोकात काय? अगरबत्तीची जळकी काडी!

भाऊजींच्या ट्रॅक्टरच्या डब्यात एक दुपाती पिन निघाली. नटाच्या खाचेतून ती भोकात घातली, टोकं फाकवली. "मी हेच म्हणून राहिलो होतो," काका म्हणाले. यंत्र धडधडलं, पुंजणं संपलं, शेवटचं पोतं घरात गेलं आणि सर कोसळली.

मी छाती काढून शाबासकीची वाट पाहत उभा. ताई पुलीकडे टक लावून होती.

"थे सारं बरोबर हाय गा भाऊ, पण आता मी अगरबत्ती कुठी लावू?"