मिनिस्टरांचा हात

किस्से जमवावे लागत नाहीत; एकाच कॉफी मशीनभोवती माणसं वर्षानुवर्षं उभी राहिली की आपोआप साठतात. कॅनडातल्या आमच्या सस्काटूनच्या गव्हाच्या लॅबमधले बहुतेक किस्से मात्र एकट्या मिरोस्लाव यांच्या खात्यावर आहेत. पूर्व युरोपातल्या एका देशात, कम्युनिस्ट राजवटीत, हा गव्हाचा संशोधक चक्क कृषिमंत्री होता! आता ऐंशी ओलांडली, तरी रोज लॅबमध्ये येतात. आम्ही त्यांना 'मिनिस्टर' म्हणतो.

*

संशोधक माणूस मंत्री होतो कसा? मला राहवेना. एकदा विचारलंच.

"पार्टीने विचारलं, नवं वाण किती दिवसांत? मी म्हटलं, आठ वर्षं. ते म्हणाले, योजना पाच वर्षांची आहे."

"मग?"

"मग मलाच मंत्री केलं. आता मीच मला हुकूम द्यायचा, पाच वर्षांत कर!"

*

फील्ड डेला, म्हणजे शेतातले प्रयोग दाखवायच्या दिवशी, पाहुणे रस्त्याकडचा गहू बघतात आणि फोटो काढतात. मिनिस्टर बूट चिखलात घालून थेट शेताच्या मधोमध! आमची बॉस शेरिल म्हणाली, "या बाजूच्या गव्हाला काय प्रॉब्लेम आहे?"

"मंत्री यायचे तेव्हा रस्त्याकडेला दुप्पट खत मीच टाकायचो. पुढे मी मंत्री झालो, तर मलाही तीच कडा दाखवायला लागले!"

*

मीटिंगमध्ये त्यांचा हात सगळ्यांत आधी वर. एकदा शेरिल नुसतं "ऑल इन फेव्हर" म्हणाली, विषय सांगायचाच होता, तोवर यांचा हात वर! विषय निघाला शनिवारी पार्किंग लॉटमधला बर्फ शोव्हल करायचा. शनिवारी मिनिस्टर खरंच फावडं घेऊन हजर.

"जुनी सवय," म्हणाले. "आधी हात वर जातो. कशासाठी, ते डोकं नंतर विचारतं."

*

यंदा माझ्या वाणाचा निकाल होता. माझी नोकरी कायम होणं त्यावरच अडलेलं. एका हंगामाच्या चाचण्या बाकी होत्या, पण बियाणं विकणाऱ्यांना घाई होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. वाणाला मंजुरी देणाऱ्या समितीचं एकमत हवं, नाहीतर वाण वर्षभर लटकणार. मिनिस्टर समितीवर होते, म्हणून मी निर्धास्त होतो.

"ऑल इन फेव्हर?"

सगळ्यांचे हात वर. मिनिस्टरांचा मांडीवर!

 मला राग आला, भयंकर.

"मिनिस्टर, आर यू ओके?" शेरिलने हळूच विचारलं.

ते आपल्या हाताकडे बघत होते.

"आयुष्यात पहिल्यांदाच खाली ठेवून बघितला," ते म्हणाले. "काही होत नाही की!"