दगडातली मिटलेली शिंपली

आमच्या शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, मास्तर राहायचे. त्यांची मुलगी माझी मैत्रीण. मी चौथीतच शाळा सोडलेली. पुढचं जे काय थोडंफार आलं ते त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांची पुस्तकं चाळून.

त्यांच्या मोरीत शहाबादी फरशी बसवली, तेव्हाची गोष्ट. एका फरशीवर बारीक बारीक लाटा होत्या. मला वाटलं, पाट्याला लावतात तशी गवंड्याने मुद्दाम टाकी लावलीय, कपडे घासायला. मी आपली साबण घेऊन बसलेसुद्धा! गवंडी म्हणाला, "आमी हात पण नाय लावला. दगुडच तसा हाय."

मास्तर इतके हसले! मग ओहोटी बघून आम्हा दोघींना बंदरावर घेऊन गेले. तिथे चिखलावर अगदी तश्शाच लाटा.

"आपली फरशी चुनखडीची, आणि चुनखडीचा दगड म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ," ते म्हणाले. "लाटेची एक बाजू उभी आणि एक उतरती असली, तर पाणी एकाच दिशेला वाहत होतं. दोन्ही सारख्या असल्या, तर उथळ पाणी नुसतं पुढेमागे हलत होतं."

घरी येऊन आम्ही फरशीवर बोटं फिरवली. दोन्ही बाजू सारख्या!

"शहाबादला समुद्र? बाबा, तिथे प्यायला पाणी मिळत नाही म्हणतात!" मैत्रीण म्हणाली.

काही वर्षांनी त्यांच्यातल्या बाकीच्यांसारखे तेही इस्रायलला निघाले. "दोन वर्षांत येते गं, रडतेस काय बावळटासारखी?" ती म्हणाली. मी खरं मानलं. पोस्टमन दिसला की उगाच दारात जाऊन उभी राहायची.

दोन वर्षं उलटून गेल्यावर पत्र आलं. मास्तर तिकडेच वारले होते. तिने लिहिलं होतं, "इथे घरंच चुनखडीची. आमच्या कुंपणाच्या एका दगडात शिंपली आहे, वरचं-खालचं दोन्ही दळं धड, मिटलेली. मराठीत कुणाला दाखवू? तूच सांग, कसलं पाणी होतं ते." आणि समासात, कागद आडवा धरून, बारीक अक्षरात : "माझं येणं आता होईलसं वाटत नाही."

पाण्याचं उत्तर मला येत होतं, मास्तरांनीच सांगितलेलं. लाटांचा मार असला की शिंपल्या फुटतात, झिजतात, दळं सुटी होतात. मिटलेली सापडली, तर पाणी शांत असणार आणि ती जिथे जगली तिथेच गाळात झाकली गेली असणार. हे सगळं मी तिला पानभर लिहिलं. समासातल्या ओळीपाशी मात्र टाक अडला, तो अडलाच. पत्र तसंच टाकलं.

तिनेही पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकमेकींना दगडांबद्दलच लिहीत राहिलो.