खिडकीखालची खुर्ची

दर रविवारी सकाळी नऊला दातांच्या डॉक्टरांच्या गॅरेजचं शटर वर जायचं आणि चार हौशी माणसं आपापलं अर्धवट लाकूडकाम घेऊन जमायची. अर्धवटच, कारण पुरं झालेलं काम मिरवायला आणायचं नाही असा तिथला नियम होता. दुसरा नियम त्याहून कडक: आधी चूक सांगायची, मग काम दाखवायचं. तो घातला होता बाईंनी, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून झाल्यावर त्यांना स्वतःच्या चुका सांगायची हौस आली होती. त्या चमचे कोरायच्या, आणि फुटलेल्या चमच्याची हकीकत इतकी रंगवून सांगायच्या की न फुटलेल्याला कुणी विचारत नसे.

बसचे ड्रायव्हर पाळणा करत होते. नातवासाठी घेतला होता करायला. नातू आता शाळेत जात होता आणि पाळण्याचं पुस्तकांचं कपाट व्हायला लागलं होतं. डॉक्टर स्वतः ड्रॉवर करत. नुसते ड्रॉवर. ते ज्या टेबलात बसायचे ते टेबल अजून जन्माला यायचं होतं, पण सांधे असे की केस आत जाणार नाही.

चौथे मीटरवाले. एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे लिहून घेतले. दार वाजवायचं, आकडा लिहायचा, पुढच्या दारात जायचं. घरात भांडण चालू असो की बारसं, त्यांनी मान वर करून कधी पाहिलं नाही. त्यांचं लाकूडकामही तसंच होतं, मोजून मापून, न बोलता. त्यांच्याकडे एक बारीक पट्टी होती. खुर्ची करायला घेतली तेव्हा तिच्यावर त्यांनी बायकोची सगळी मापं पेन्सिलने आखून ठेवली होती: गुडघ्याची उंची, कोपराची उंची, पाठ कुठे टेकते ते. ती बुटकी होती. कुठल्याही खुर्चीवर बसली की पाय लोंबकळायचे. माप घेताना त्यांनी तिला स्टुलावर बसवून पायाखाली एकेक पुस्तक सरकवलं होतं. सहावं पुस्तक आल्यावर तिने विचारलं होतं, "रीडिंग झालं असेल तर मी गॅस बंद करून येऊ का?"

खुर्चीचं मूळ त्यांच्या घरच्या एका फरशीत होतं. स्वयंपाकघरात खिडकीखाली एक फरशी कोपऱ्यात खचली होती, आणि उजेड म्हणून बायकोला बसायला नेमकी तीच जागा लागायची. तिथे जुनी लाकडी खुर्ची होती. ती मटार सोलायला बसली की खुर्ची डुगडुगायची. टक. शेंग उचलायला वाकली की टक, मागे टेकली की टक. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे मीटरवाले तिने काही म्हणायच्या आत तिथूनच सांगायचे, "करतो गं, या रविवारी करतो." अशी अकरा वर्षं गेली. गवंड्याला बोलावून फरशी सरळ करून घ्यावी हे कुणालाही सुचलं असतं. तिलाही सुचलं होतं. पण लाकडाचं वेड लागलेल्या माणसाला जगात लाकूड सोडून काही दिसत नाही. फरशी खचलीय ना, मग खुर्चीच त्या फरशीच्या मापाची करू, असं यांचं म्हणणं. पुढचा डावा पाय चार मिलिमीटर लांब. पट्टीवर तीही खूण होती.

खुर्ची उभी राहिली, पाय तेवढे कापायचे राहिले. खुर्चीचे पाय मुद्दाम लांब ठेवतात आणि शेवटी, बसणाऱ्याला बसवून, बेताने कापतात. ती त्या रविवारी गॅरेजात यायचं म्हणाली होती. त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, कपडे वाळत घालता घालता ती गेली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, हृदय. मीटरवाल्यांनी वेळ लिहून घेतली: नऊ वाजून वीस मिनिटं.

मग माणसं आली, रडली, जेवली, गेली. मीटरवाले रडले नाहीत. लोकांना वाटलं, माणूस खमका आहे. काहींना वाटलं, दगड आहे. दोन्ही खरं नव्हतं. आत काही नव्हतंच. झोप पाच तास, पोळ्या तीन, चालणं दोन किलोमीटर; ते स्वतःचे आकडे घेत आणि पुढच्या दिवसाच्या दारात जात. मुलगी आठवडाभर राहिली. तिने आईचे कपडे बांधून दिले, आणि डुगडुगते म्हणून ती जुनी खुर्चीही देऊन टाकली. बाबांना विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, दे. विचारलं असतं तर त्यांनी भिंतीही दिल्या असत्या.

रविवारी मात्र ते येत राहिले. नवी खुर्ची गॅरेजच्या कोपऱ्यात लांब पायांवर उभी होती. त्यांची पाळी आली की म्हणायचे, "तसंच आहे." ना चूक, ना काम. नियम मोडला जात होता, पण बाईंनीही त्यावर कधी लाल शाई काढली नाही. असे आठ महिने गेले.

शेवटी ड्रायव्हरांनीच विषय काढला. लाकूड असं ठेवून वाकेल, म्हणाले. आता तुम्ही तुमच्या उंचीने पाय कापा आणि वापरा, वहिनींना बरंच वाटेल. सगळ्यांना ते पटलं. मीटरवाल्यांनाही पटलं. त्यांनी मान डोलावली, करवत घेतली, पिशवीतून पट्टी काढली, आणि चारही पाय तिच्या खुणेवर कापले. ठरवून नाही. पट्टीवर आकडा होता, त्यांनी तो घेतला. पुढचा डावा पाय चार मिलिमीटर लांब ठेवला आणि हे कुणाला सांगायचं असतं ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग पायांच्या टोकांना तेल लावलं, खुर्ची वाळायला तिथेच सोडली आणि घरी जाऊन भात लावला.

आता डॉक्टरांची गोष्ट. माणूस सोन्यासारखा, पण त्याला कुणाचं वरखाली बघवत नाही. आयुष्यभर दात घासून सपाट केलेत. बुधवारी दवाखान्यातून आल्यावर त्यांनी खुर्ची सहज उचलून ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवली. गॅरेजात सपाट म्हणता येईल अशी तेवढीच एक जागा होती. खुर्ची डुगडुगली. एकतीस वर्षं एक आकडा न चुकलेला माणूस, आणि त्याचा हात हलावा. हे रविवारी चारचौघांत चूक म्हणून सांगायची वेळ त्याच्यावर येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात आलं. दवाखान्यात दात कुठे लागतो ते बघायला निळा कागद असतो. तो त्यांनी खुर्चीच्या पायांखाली घातला, कुठला पाय जास्त टेकतो ते पाहिलं, आणि डाव्या पायाचे चार मिलिमीटर इतक्या सफाईने उडवले की रोग्याला कळलंसुद्धा नसतं. त्या संध्याकाळी ते जरा हलक्या मनाने जेवायला बसले. मित्रासाठी काहीतरी केलं असं त्यांना आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं होतं.

रविवारी ड्रायव्हरांनी खुर्ची आपल्या गाडीत घालून मीटरवाल्यांच्या घरी सोडली आणि दारातूनच निघून गेले.

मीटरवाल्यांनी ती खिडकीखाली नेली. चारही पाय ठरवलेल्या जागी ठेवले, पुढचा डावा खचलेल्या फरशीवर. जरा मागे जाऊन पाहिलं. मग बसले. त्यांना ती फारच बुटकी होत होती, गुडघे छातीशी आले. उठावं म्हणून ते पुढे वाकले, आणि खुर्ची वाजली.

टक.

"करतो गं, या रविवारी करतो."

हे बोलून झालं होतं. तोंडातून गेलं होतं, अकरा वर्षं जायचं तसं, पेपरातून मान वर न काढता. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. मीटरवाले तसेच वाकून बसले. मग त्यांना रडू आलं, आणि त्यांना ते इतकं अनोळखी होतं की आधी वाटलं, ठसका लागला. बराच वेळ ते तिच्या मापाच्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन रडले. त्यांना ती हवी होती. दुसरं काही नाही, फक्त ती हवी होती, आणि ती नव्हती.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी सवयीने खुर्ची उलटी केली. डाव्या पायाचं टोक कोरडं, नुकतं कापलेलं. बाकी तिन्ही टोकांना त्यांनी लावलेलं तेल. आणि तिथेच कडेला नखाएवढा निळा डाग. सगळं कळायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. एका उरलेल्या फळकुटातून त्यांनी चार मिलिमीटर जाडीची चकती कापली, घासली, पायाखाली धरून पाहिली. आवाज गेला. चकती त्यांनी काढून घेतली आणि खिशात ठेवली.

पुढच्या रविवारी त्यांची पाळी आली तेव्हा बाईंनी नेहमीसारखं हळूच विचारलं, "तसंच आहे का?"

"नाही," मीटरवाले म्हणाले. "आधी चूक सांगतो. आमची एक फरशी खचलेली आहे. त्यासाठी मी एक पाय चार मिलिमीटर लांब ठेवला होता. ते इथे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. खुर्ची घरी डुगडुगते."

डॉक्टरांच्या हातातला ड्रॉवर तसाच हातात राहिला, आणि चेहरा असा झाला की चुकीचा दात उपटला असावा.

"तो पाय मी कापला," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, तुमचा हात हलला."

"माहीत आहे. निळं लागलं होतं."

"आजच आणा. तुकडा असा चिकटवून देतो की सांधा शोधून सापडणार नाही."

मीटरवाल्यांनी खिशात हात घातला. चकती तिथेच होती. ती त्यांनी बोटांत फिरवली, बाहेर काढली नाही.

"नको, मीच करतो," ते म्हणाले. "या रविवारी करतो."

रविवारच होता तो. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि ड्रायव्हरांना पाळण्याचं विचारलं.