धुरा कोरला त्या वर्षी

आमच्या घरात धड अशी एक वस्तू नव्हती. रांजणाला सिमेंटचं ठिगळ, रेडिओला तार गुंडाळलेली, खाटेच्या एका पायाला लोखंडी पट्टी. सगळं बाबांनीच फोडलेलं आणि बाबांनीच जोडलेलं. डोक्यात राग गेला की हाताला लागेल ते भिंतीवर जायचं. आई त्यांना आवरायला जात नसे. शांत व्हा, असं तर ती जन्मात म्हणाली नाही. ती फक्त वस्तूकडे बोट दाखवून विचारायची, "हे वापस होईन काय?"

मोडलेलं पुन्हा पहिल्यासारखं होणार असेल तर तिची काही हरकत नसायची. मग बाबा शिव्या देत देत वस्तू निवडायचे. रागाने थरथरणारा माणूस आरसा जपून खुंटीला अडकवतो आणि लोटा उचलून भिंतीवर हाणतो, हे बघून मला हसू यायचं. एकदा बैलाने लाथ मारली म्हणून त्यांनी दावं बांधायचा खुंटा त्याच्या डोळ्याच्या रोखाने उगारला होता. आईने विचारलं. खुंटा गोठ्याच्या दारावर बसला. ते दार आजही एका बाजूने लोंबतं.

काकाचं शेत आमच्या शेताला लागून, अमडापूरच्या रस्त्यावर. मध्ये मातीचा धुरा, म्हणजे बांध. आमच्याकडे नांगरताना शेजाऱ्याचा धुरा नांगराच्या एखाद्या ओळीएवढा कोरायचा, ही जवळजवळ रीतच आहे. पुढच्या नांगरटीला शेजारी तो परत कोरतो. बाबाही कोरायचे, काकाही कोरायचा. यंदा इकडे आलेली माती पुढच्या वर्षी तिकडे ढकलता येते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी माणसं डोकी फोडतात ती या मातीसाठीच. मला अजून याचा संताप येतो.

त्या वर्षी काकाने ट्रॅक्टर आणला. धुरा पार मोडला आणि आजोबांनी पुरलेला खुणेचा दगडही सब्बलने, म्हणजे लोखंडी पहारीने, उपटून काढला. बाबांना कळलं तेव्हा ते जेवत होते. ताट तसंच टाकून त्यांनी कुऱ्हाड उचलली. आई त्यांच्या मागे आणि मी आईच्या मागे, अशा आम्ही धावलो. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला आलेली.

आम्ही पोचेपर्यंत काका मातीत पडला होता. ओठ फाटलेला, दातांना रक्त आणि माती. बाबांचा पाय त्याच्या छातीवर आणि कुऱ्हाड डोक्याच्याही वर. खरं सांगते, मला वाटलं, हाणा. तेवढ्यात आई लांबूनच ओरडली, "अहो, हे वापस होईन काय?"

कुऱ्हाड वरच्या वर थांबली. इतक्या वर्षांची सवय ती. बाबा काकाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आरसा हातात असताना बघायचे तसेच. खाली पडलेल्या काकाला हे काय कळणार? त्याच्या हाताला सब्बल लागली. पहिला घाव बाबांच्या उजव्या कोपरावर बसला. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. बाबा गुडघ्यावर आले, तर दुसरा घावही तिथेच. कातडीतून हाड बाहेर आलेलं मी पाहिलं.

मी कुऱ्हाड उचलली. काकाने सब्बल टाकून दिली होती आणि तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता. त्याची मान माझ्यासमोर होती. बाबा मातीत पडल्या पडल्या माझ्याकडे बघत बोलले, अगदी हळू.

"बाई, हे वापस होईन काय?"

मी कुऱ्हाड फेकली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. बाबांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काकानेच उचलून घातलं. बुलढाण्याला डॉक्टरांनी हात वाचवायचा प्रयत्न केला, पण जखमेचं विष अंगात चढायला लागलं आणि कोपराच्या वरून कापावा लागला. आम्ही घरी आलो तेव्हा धुरा पुन्हा होता तिथे आला होता. काकाने दगडही जुन्या जागी पुरला होता, चारी बाजूंनी माती चोपून.

आई ताटात दुधात भाकरी कुस्करून द्यायची आणि बाबा डाव्या हाताने जेवायचे. एका दुपारी कुस्करता कुस्करता तिचे हात थांबले.

"मी इचारलं नसतं, त तुमचा हात राह्यला असता."

बाबांनी तोंडातला घास गिळला. "अन् भाऊ राह्यला नसता," ते म्हणाले, आणि आणखी दूध मागितलं.

काकाशी मी अजून बोलत नाही. बाबा बोलतात.