आधी सोडायचा श्वास

श्वासावर ताबा मिळवायला शिकवणारे शास्त्र ज्या घरात चार पिढ्या पाठ आहे, त्याच घरच्या मुलीला दमा व्हावा, याला काय म्हणावे? त्या दिवसांत मी देवाला हे रोज विचारी, आणि माझा सूर काही नम्र नसे. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, तंजावरच्या राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतले. योगाच्या सूत्रांचे चारही पाद त्यांना मुखोद्गत होते. मला देवनागरी धड वाचता येत नाही, आमच्या पिढीत फारशी कुणालाच येत नाही. जे शिकले ते अप्पांच्या तोंडून, कानाने. अर्थ तमिळमधून समजून घेतला आणि आपल्याला योग कळतो असे ठरवून टाकले. रविवारी गल्लीतल्या मुलांना प्राणायामही शिकवू लागले.

अप्पा दरवर्षी मार्गशीर्षात तिरुवैयारूला कावेरीच्या पायऱ्यांवर बसत आणि एका बैठकीत चारही पाद म्हणत. देवाघरी जाताना त्यांनी माझ्याकडे एवढेच मागितले, की हे थांबू देऊ नकोस. धाकटा भाऊ बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला रजा नाही आणि सूत्रेही येत नाहीत. म्हणजे उरले मीच. दोन वर्षे निभावले. तिसऱ्या वर्षी, गल्लीत घरोघरी केबलच्या तारा आल्या त्याच पावसाळ्यात, मला दमा जडला. डॉक्टरांनी तोंडात फवारा मारायचा पंप दिला. मला त्याची इतकी लाज वाटे, की तो मी देवघरात कापराच्या डब्यामागे लपवून ठेवी. प्राणायाम शिकवणारी बाई पंप ओढते, हे कुणाला दिसायला नको होते.

त्या मार्गशीर्षातही पंप डब्यामागेच ठेवून निघाले. सूत्रांनी तारावे, नाहीतर ती खोटी, असा हट्टच होता म्हणा ना. यजमानांनी, माझ्या नवऱ्याने, पंप घे म्हणून दोनदा सांगून पाहिले. मी नको म्हटल्यावर ते नुसते 'हौ' म्हणाले. सकाळच्या बसने पोहोचलो तेव्हा नदीवर धुके होते आणि काठावर कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता. पहिला पाद सुरळीत गेला. माझा आवाज पायऱ्यांवरून फिरतो आहे, दोन-चार बायका थांबून ऐकत आहेत, याचे मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू. यजमान कॉफी आणायला बाजारात गेले. दुसऱ्या पादात श्वासाविषयीची सूत्रे येतात. नेमकी तिथेच माझी छाती आवळली.

मी श्वास ओढू लागले. जितका ओढावा तितका कमी पडे. अप्पांचे काम माझ्या हातून मोडणार, आणि कदाचित मीही इथेच संपणार, अशी भीती वाटली. तीन पायऱ्या खाली एक मध्यमवयीन माणूस मांडीवर सनईसारखे लांब नागस्वरम् घेऊन, त्याची पिपाणी ओठांत भिजवत बसला होता. देवळात वाजवायला जाण्याआधीची त्याची तयारी चालली होती. तो उठून वर आला आणि माझ्या समोरच्या पायरीवर बसला.

"ओढू नका, अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला. "आधी सोडा."

ओठ पिपाणीवर ठेवल्यासारखे चिमटून त्याने बारीक, लांब फुंकर घालून दाखवली. मला रागच आला. श्वास सोडायचा तो रेचक म्हणजे काय हे हा मला शिकवणार? पण राग धरायलाही श्वास लागतो. मी फुंकर घातली. तो माझ्याबरोबर नुसती पिपाणी वाजवू लागला, बदकासारखा आवाज येई. तो थांबला की मी थांबे. "आत येणारा आपला आपण येतो," तो मध्ये म्हणाला. "आम्हा वाजवणाऱ्यांना फक्त सोडायला शिकवतात." किती फुंकरी झाल्या कोण जाणे, हळूहळू छाती सैल झाली आणि मला रडू आले. ईश्वरावर सगळे सोडून द्यावे, हे सूत्र मी लहानपणापासून म्हणत होते. पण सोडायचे म्हणजे काय, ते या शरीराला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते.

यजमान आले. माझा चेहरा पाहून त्यांनी कॉफी खाली ठेवली आणि पिशवीतून पंप काढला. "तू नक्को मण्टलीस, मी हौ मण्टलो," ते म्हणाले. "आणला नाही असं कुठं मण्टलो?" मी तो सगळ्यांदेखत ओढला. कुणी पाहिलेसुद्धा नाही. वाजवणारा देवळाच्या वेळेला निघून गेला होता. बऱ्याच वेळाने मी राहिलेले पाद पुन्हा सुरू केले. दर सूत्रानंतर थांबत, कधी दुसऱ्यांदा म्हणत, ऊन डोक्यावर आले तेव्हा चौथा पाद संपला.

पुढच्या वर्षी नारळ आणि नेसायची वेष्टी घेऊन मी त्याला शोधून काढले. त्याला काही आठवेना. मी तर रोजच तिथे पिपाणी भिजवायला बसतो, तो संकोचून म्हणाला. त्याला देवाने पाठवले का, हा वाद मी घालत नाही. तो आपल्या कामाला बसला होता आणि मी बुडत होते, एवढे मला माहीत आहे. त्याचे उपकार मी जन्मभर मानीन.

पंप आता कापराच्या डब्यापुढे असतो. पाठ अजून चालू आहे. अप्पाही प्रत्येक सूत्रानंतर असेच थांबत, आणि ते ध्यान करतात असे मला वाटे. आता सूत्र संपले की मी उरलेला श्वास शेवटपर्यंत सोडते आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहते. पुढचा मी आणत नाही. इतक्या वर्षांत तो आला नाही, असे एकदाही झालेले नाही.