एका गाठीवर दोन हात

सोमवारी बागेच्या मागच्या फाटकाची कडी निखळलेली आढळली. जबाबदार, बागेचे विश्वस्त मंडळ. मंगळवारी कारंज्याच्या हौदाभोवतीची जाळी एका बाजूने उचकटलेली दिसली. जबाबदार, ती बसवणारा ठेकेदार आणि ती पाहूनही पुढे गेलेला प्रत्येक सुजाण नागरिक. बुधवारी उंबराच्या झाडावर आग्या मोहोळ असल्याचे मी लेखी कळवले, त्याची पोच मिळाली नाही; जबाबदार, मंडळाचा आवक-जावक विभाग, असा काही विभाग अस्तित्वात असल्यास. आणि हे सर्व ठाऊक असताना शुक्रवारी पहिलीची मुले त्याच बागेत न्यायचीच, असा निर्णय झाला. जबाबदार, आमच्या विहीणबाई.

पृथ्वीच्या पाठीवर माझ्या पत्रांना न घाबरणारी एकमेव व्यक्ती म्हणजे या आमच्या विहीणबाई. मी नांदेडच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. माझ्या एका अर्जावर रस्त्यातले खड्डे बुजलेले आहेत आणि दुसऱ्या अर्जावर ते बुजवणारे लोक बदललेले आहेत. माझे नाव लखोट्यावर पाहिले की काही कार्यालयांतले साहेब अचानक दौऱ्यावर जातात. विहीणबाई मात्र लखोटा फोडायच्या आधीच विचारतात, "कशाबद्दल हाय?" आणि मी सांगू लागलो की म्हणतात, "ते तर कालच केलं की, व्याहीबुवा." मुलीच्या लग्नात मांडवाला एकच दार असल्याची माझी लेखी हरकत घेऊन मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा त्या पंगतीत जिलेबी वाढत होत्या. हातातले ताट न ठेवता त्यांनी हनुवटीने मागे खूण केली. मागची कनात सोडून दुसरी वाट मोकळी केलेली होती आणि लहान मुलांची पंगत नेमकी तिच्याजवळ बसवलेली होती. "तुमचं पत्र ठेवा खिशात," त्या म्हणाल्या, "आन् बसा. जिलेबी गार व्हायलीय." त्या दिवसापासून आमच्या संबंधांची हीच रीत पडली आहे. मी तक्रार नोंदवतो, त्या वाढतात.

लातुरात औशाकडच्या वस्तीत एका छोट्या प्राथमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका आहेत. आमची दोघांची सामाईक नात त्यांच्याच शाळेत पहिलीत आहे. शाळेची मुले वर्षातून एकदा बागेत जातात, आणि त्या एका सकाळसाठी विहीणबाई जी तयारी करतात ती पाहिली म्हणजे राजे लोक स्वारीवर कसे निघत असतील याची कल्पना येते. त्यांचा पहिला नियम असा, की बाग मोठ्या माणसाच्या उंचीवरून पाहायची नाही. सहलीच्या आधी त्या एकट्या बागेत जातात, पदर खोचतात आणि उकिडव्या बसून, बदकासारख्या सरकत, सगळी बाग पालथी घालतात. यंदा मी लातुरात मुलीकडे मुक्कामाला होतो, म्हणून निरीक्षक या नात्याने सोबत गेलो. बागेचा वॉचमन धावत आला. "बाई, कानातलं पडलं का? हुडकू का?"

"न्हाई रे बाबा. सहा वर्साची झालेय जरा येळ," विहीणबाई खालूनच म्हणाल्या.

वॉचमनने माझ्याकडे पाहिले. मी निवृत्त शिरस्तेदाराला शोभेल असे गंभीर तोंड केले. तेवढ्यात खालून हुकूम आला, "तुम्ही बी बसा, व्याहीबुवा. वरून तुम्हाला फक्त नियमांची पाटी दिसती." मी बसलो, आणि मान्य करणे भाग आहे की त्या उंचीवरची बाग निराळीच होती. कण्हेरीची विषारी गुलाबी फुले थेट तोंडाशी आली. बाकाच्या खालच्या फळीतून एक खिळा बाहेर डोकावत होता आणि त्याच्याशेजारी गांधीलमाश्यांनी घर थाटले होते. हौदाची जाळी वरून किंचित उचकटलेली वाटली होती. खालून पाहता ती एखाद्या मुलाने आत शिरावे म्हणूनच उघडून धरल्यासारखी दिसत होती. मी संतापून ताबडतोब पत्र लिहिण्यासाठी उठू लागलो आणि उठता येईना. वॉचमनने एका बाजूने व विहीणबाईंनी दुसऱ्या बाजूने धरून मला उभे केले. "तुमचं पत्र जाईस्तोवर," त्या म्हणाल्या, "जाळी ह्याच्याकडून तारेनं बांधून घेते." आणि त्यांनी ती बांधून घेतली, कडीही बसवून घेतली, बाकावर तर गोणपाट टाकून त्याला रस्त्यातूनच बाद केले.

राहता राहिले आग्या मोहोळ. ते काढायचे कुणी, याचे उत्तर मंडळाकडे नव्हते. विहीणबाईंनी मुलांची वाट त्या उंबरापासून पार दुसऱ्या टोकाने आखली आणि एक फतवा काढला: सहलीच्या दिवशी डोक्याला वासाचे तेल नाही, पावडर नाही, गजरा नाही. फतवा काढून त्या थांबत नाहीत. शुक्रवारी सकाळी शाळेच्या दारात उभ्या राहून त्यांनी प्रत्येक मुलाचे डोके हुंगले. चमेलीच्या तेलाने माखलेला एकजण सापडला. त्याला नळाखाली धरून, साबण लावून, पुन्हा हुंगून आत घेतले. "आई म्हनली सहल हाय, म्हून लावलं," तो रडवेला होऊन म्हणाला. "आईला सांग, माशा बी सहलीलाच आल्यात," विहीणबाई म्हणाल्या. रांगेच्या शेवटी मी होतो. त्यांनी नाक वर केले. "व्याहीबुवा, हिना?" मी सांगितले की हे अत्तर आमच्या घरी निजामाच्या काळापासून चालत आलेले आहे. "मंग आज त्याला सुट्टी द्या," त्या म्हणाल्या, आणि समस्त पहिलीच्या साक्षीने मला नळावर मान धुवावी लागली. मुलांना इतका आनंद पुढे दुरून कारंजे पाहूनही झाला नाही.

पण त्यांची खरी करामत म्हणजे ते लुगडे. एक जुने, जाड इरकल लुगडे; त्याला हात-हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. सहलीला निघताना प्रत्येक मूल एकेक गाठ धरते आणि ती गाठ वर्षभर त्याचीच असते. मुलांमध्ये यावरून जमिनीच्या बांधावरून व्हावीत तशी भांडणे होतात. "दोरी हाताला काचती," विहीणबाई सांगतात, "आन् कापड धरलेला एक जन थांबला की समद्यांना कळतं." मी या पद्धतीला कोणत्या परिपत्रकाचा आधार आहे असे विचारले होते. त्यांनी लुगड्याचे एक टोक माझ्या हातात दिले आणि दुसरे टोक धरून त्या शाळेच्या पटांगणातून चालत सुटल्या. मला मागे जावे लागले. तेवढाच खुलासा झाला.

शुक्रवारची सहल इतकी निर्विघ्न पार पडत होती की माझ्यासारख्या माणसाला करमेना. मुलांनी झाडे पाहिली, खारी पाहिल्या, डबे खाल्ले. हौदाकडे कुणी फिरकले नाही, कारण तिकडे गाठी वळल्याच नाहीत. मध्येच दुसऱ्या एका शाळेची बस आली. नाव लिहीत नाही. उदगीरच्या बाजूची होती. तीतून मुलांचा एक लोंढा उतरला, आणि त्या लोंढ्यामागे एकच तरुण बाई. ती बिचारी "इकडं बघा, हसा" म्हणत मोबाइलवर फोटो काढत होती. तिच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या ग्रुपवर फोटो मागितले होते, असे पुढे कळले. थोड्या वेळाने तो लोंढा बसमध्ये चढला आणि बस गेलीसुद्धा.

आमच्या निघण्याची वेळ झाली. विहीणबाईंची मोजण्याची पद्धत अशी, की त्या तोंडाने आकडे म्हणत नाहीत. लुगड्याच्या कडेने चालत प्रत्येक गाठीवरच्या मुठीला हात लावत जातात. त्या अशा जात होत्या आणि अगदी शेवटच्या गाठीपाशी थबकल्या. ती आमच्या नातीची गाठ. त्या एका गाठीवर दोन हात होते.

"एक जास्त हाय," त्या हळूच म्हणाल्या.

मी म्हणालो, "कमी नाही ना? मग झाले."

"आवो, आपलं जास्त, म्हंजी कुनाचं तरी कमी!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नातीच्या शेजारी वेगळ्या गणवेशातली एक चिमुरडी उभी होती. गळ्यात ओळखपत्र नाही, खिशात चिठ्ठी नाही. तिची बस केव्हाच उदगीरच्या रस्त्याला लागली होती आणि ती नाही हे बसमध्ये कुणाला ठाऊक असल्याचे लक्षण नव्हते.

मी नातीला विचारले, "ही केव्हापासून आहे?"

"डबा खाल्ल्यापासून," नात म्हणाली. "तिच्या शाळेत धरायला काहीच न्हवतं. म्हून माझी अर्धी दिली."

मी चिमुरडीपुढे वाकलो आणि योग्य त्या क्रमाने विचारले, "बाळ, तुझे संपूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि राहण्याचे ठिकाण सांग." तिने "अव्वा" म्हणत भोकाड पसरले. विहीणबाईंनी मला बाजूला केले, तिच्या उंचीला बसल्या आणि अगदी मऊ आवाजात कानडीत म्हणाल्या, "ऊटा आयता?" जेवलीस का, एवढेच. रडणे थांबले. तिने मान डोलावली आणि नातीकडे बोट दाखवले. आमच्या नातीच्या डब्यातली पोळी तिच्या पोटात गेली होती. मग नाव निघाले, शिवलीला. गावाचे नाव मात्र निघेना. गाव म्हणजे तिच्या लेखी "अव्वा", म्हणजे आई, जिथे आहे ते.

एवढ्यात विश्वस्त मंडळाचे एक गृहस्थ कार्यालयातून बाहेर आले. म्हणाले, "मुलगी इथं सोडा अन् तुम्ही निघा. बघू आमचं आम्ही."

"आमचं आम्ही म्हंजी कोन?" विहीणबाई उभ्या राहिल्या. "नाव सांगा. तिच्यापाशी कोन बसनार त्याचं नाव."

गृहस्थांना आत फोन वाजल्याचे ऐकू आले. मला तो ऐकू आला नाही. मी पोलीस ठाण्याला फोन लावला, आणि आयुष्यात प्रथमच माझी तक्रार ऐकणारा माणूस पहिल्या वाक्याला ताडकन म्हणाला, "बसचा रंग सांगा, शाळेचं नाव सांगा, लगेच कळवतो." दोन्ही मला ठाऊक होते, बस आल्याबरोबर तिचे आपत्कालीन दार तपासून मी तेवढी नोंद मनाशी ठेवलीच होती.

आमच्या मुलांना सोबत आलेल्या दोन सहशिक्षिकांबरोबर शाळेत पाठवायचे ठरले. पण शिवलीला गाठ सोडीना. बोटे उकलू गेलो की किंकाळी. लुगडे गेल्याशिवाय मुले जाणार कशी, आणि लुगडे गेले तर ही राहणार कशी? विहीणबाईंनी नातीकडे पाहिले. नातीने क्षणभर विचार केला आणि गाठ सोडली. "घे तू. मी बाईंचं बोट धरते." विहीणबाईंनी ते इतक्या वर्षांचे इरकल लुगडे दातात धरले, टर्रकन फाडले आणि शेवटची गाठ शिवलीलाच्या मुठीत राहू दिली. बाकीचे लुगडे मुलांना घेऊन गेले.

आम्ही तिघे फाटकापाशी बसलो. विहीणबाई तिला मांडीवर घेऊन कुठलेसे कानडी गाणे अर्धेमुर्धे गुणगुणत होत्या. चुकल्या की ती दुरुस्त करत होती. माझ्या मनात मात्र तिच्या आईची मूर्ती उभी होती. बस गावात थांबेल, मुले उतरतील आणि ती आई दारात उभी राहून बघत राहील. कलमे आठवत होती. पण त्या आईला सांगता येईल असे एकही कलम आठवेना.

बस वळून आली तेव्हा मी आधी खडी उडल्याचा आवाज ऐकला. पोलिसांचा फोन मुख्याध्यापकांना, त्यांचा बाईंना, आणि मग रस्त्याच्या कडेला बस थांबवून मोजणी, असा तो प्रवास झाला होता. ती तरुण बाई दारातून जवळजवळ पडतच उतरली. शिवलीला मांडीवरून सुटून तिच्या कमरेला जाऊन चिकटली. मी इतका मोठा श्वास सोडला की विहीणबाईंनी वळून पाहिले. मग मी घसा साफ केला आणि कर्तव्यच्युतीवरचे माझे भाषण सुरू केले.

"व्याहीबुवा, गप ऱ्हावा जरा," विहीणबाई म्हणाल्या. "तिचा जीव आत्ता कुठं जाग्यावर यायलाय, दिसत न्हाई का? बस गं माय. आधी पानी पी." आणि ती पाणी पिऊन झाल्यावर, "एकटीच आलीस एवढी पोरं घिऊन?"

"दुसऱ्या बाईंना ऑफिसच्या कामाला थांबवलं," ती म्हणाली आणि आमच्यासमोर ढसाढसा रडली.

त्या रात्री मी शांत झोपलो, ही माझ्या बाबतीत नोंद घेण्याजोगी घटना आहे. सकाळी उठून त्या तरुण बाईविरुद्ध सविस्तर पत्र लिहिले आणि सवयीने विहीणबाईंना वाचून दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, जे त्या कधी करत नाहीत. म्हणाल्या, "हे टाकलं तर तिची नोकरी जाईल, आन् पुढच्या सहलीला दुसरी कोनतरी एकटी जाईल. इचारायचंच तर ज्यानं धाडलं त्याला इचारा." मग माझ्या हातातले पत्र घेऊन त्याची घडी घालत म्हणाल्या, "ह्या उन्हाळ्यात मी रिटायर होते, व्याहीबुवा. पुढच्या वर्सी पोरं बागेत जातील तवा मी घरी भाजी निवडत असेन. मला तर आत्तापासूनच कसंतरी व्हायलंय."

ते पत्र मी फाडले. हे दुसरे आहे आणि हे जाहीर आहे. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी, पालकांची सभा बोलावून, शिवलीलाची आई समोर बसलेली असताना, उभे राहून एवढेच सांगावे: एवढी मुले एकाच बाईबरोबर आपण का पाठवली? खासगी खुलासा चालणार नाही. उत्तर उन्हाळ्यापूर्वी यावे. ते ऐकायला विहीणबाई मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसलेल्या असाव्यात, अशी माझी इच्छा आहे.